पाहणे आणि साक्षी होणे

(कृष्णवर्णीयांच्या जीवनावरील अनुबोधपटांच्या सामुदायिक प्रदर्शनमालेच्या प्रारंभी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजपासून या सभागृहात अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या जीवनावरील काही अनुबोधपट दर पंधरवड्यास दाखविले जाणार आहेत. ज्यास आज आपण माहितीपट किंवा डॉक्युमेंटरी म्हणतो त्यासाठी आपल्या भाषेत अनुबोधपट हा जुना शब्द आहे आणि मला तोच अधिक पसंत आहे. कारण माहिती मिळणे आणि बोध होणे या दोन निराळ्या गोष्टी होत. चित्रपट सुरू होण्यापूर्वी मी दोन शब्द बोलावेत अशी चालकांची इच्छा आहे. दोन शब्दांनी काम भागणार नाही, म्हणून थोडा अधिक वेळ घेतो.

कोणी विचारील, आपल्या दारातली दुःखे संपली आहेत काय, की सातासमुद्रापलीकडच्या लोकांची दुःखे आपण पडद्यावर पाहत बसावे? प्रश्न रास्त आहे. त्यांचे दुःख आपल्या दुःखासारखेच आहे, एवढे उत्तर त्याला पुरत नाही. दुःखाचे साम्य पाहून डोळे ओलावतात आणि घरी पोचेपर्यंत सुकतात. मला आज सांगावयाचे आहे ते वेगळे आहे. अन्याय पाहणारे लोक वाढले म्हणजे अन्याय आपोआप कमी होतो, असा आपला एक भाबडा समज असतो. कृष्णवर्णीयांचा शंभर वर्षांचा अनुभव तसा नाही. चित्र कोणी घेतले, कोणी दाखविले, कोणाच्या शेजारी बसून पाहिले आणि पाहिल्यावर काय केले, यांवर त्या चित्राचे फळ अवलंबून असते. हा धडा त्या समाजाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. तो समजून घेण्यासाठी आपण येथे जमलो आहोत.

पडद्याचा पहिला वार

या कथेचा आरंभ १९१५ सालापासून करणे योग्य होईल. त्या वर्षी डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या दिग्दर्शकाचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट अमेरिकेत झळकला. चित्रपटकलेच्या दृष्टीने त्याची वाखाणणी आजही होते. पण त्यातील कथा काय होती? गुलामगिरीतून सुटलेला कृष्णवर्णीय मनुष्य हा आळशी, उद्दाम आणि स्त्रियांवर झडप घालणारा पशू आहे, आणि त्याच्यापासून देशाचा उद्धार करणारे वीर म्हणजे पांढरे झगे घातलेले कू क्लक्स क्लानचे घोडेस्वार! त्यातील प्रमुख कृष्णवर्णीय पात्रे तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी रंगविली होती. १८ फेब्रुवारी १९१५ रोजी हा चित्रपट व्हाइट हाउसमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासमोर दाखविण्यात आला. ज्या चित्रपटाला राष्ट्राध्यक्षांच्या घरात स्थान मिळाले, त्याला गावोगावच्या चित्रपटगृहांत कोण अडविणार?

तरीही कृष्णवर्णीयांनी अडविण्याचा प्रयत्न केला. १९०९ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' या संस्थेने अनेक शहरांत निषेध केला. बॉस्टनमध्ये विल्यम मन्रो ट्रॉटर या निर्भीड संपादकाने लोकांना चित्रपटगृहाच्या दारापर्यंत नेले. चित्रपट थांबला नाही. त्याने अमाप पैसा मिळविला. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यातील स्टोन माउंटन या डोंगरावर, चाळीसएक वर्षांपूर्वी मोडून पडलेल्या क्लानचे पुनरुज्जीवन झाले. हे सर्व एका चित्रपटाने घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु क्लानच्या संघटकांनी त्या लाटेचा फायदा घेतला आणि पुढे कित्येक वर्षे नवे सभासद मिळविण्यासाठी तोच चित्रपट वापरला, हे इतिहासात नमूद आहे. सामुदायिक चित्रप्रदर्शन हे साधन प्रथम कोणी ओळखले, ते यावरून ध्यानी यावे.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय प्रेक्षकाला चित्रपटगृहाच्या पुढल्या दाराने जाता येत नसे. त्याच्यासाठी बाजूचा जिना आणि वरच्या सज्जातली बाके राखून ठेवलेली असत. पैसे मोजावयाचे, वेगळ्या जिन्याने चढावयाचे आणि पडद्यावर आपलीच विटंबना पाहावयाची, असा तो व्यवहार होता. वेगळ्या वाटेचा अर्थ काय असतो, हे या सभेला समजावून सांगण्याची जरूर नाही.

ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने १९२० साली 'विदिन अवर गेट्स' हा मूकपट काढला आणि झुंडीने माणसांना फासावर लटकविण्याचा प्रकार त्यात उघडपणे दाखविला. ग्रिफिथच्या चित्रपटाला पडद्यावरूनच दिलेले उत्तर म्हणून तो ओळखला जातो. पुढे तो मूकपट नाहीसा झाला. अनेक दशकांनी त्याची एक प्रत स्पेनमध्ये सापडली आणि तिच्यावरून तो पुन्हा उभा करण्यात आला. निंदेच्या प्रती जगभर जपल्या गेल्या; उत्तराची प्रत परक्या देशात धूळ खात पडली. दुबळ्यांच्या स्मृतीची ही गत सर्वत्र होते.

एका मातेचा निर्णय

आता चाळीस वर्षे पुढे जाऊ. १९५५ च्या ऑगस्टमध्ये एमेट टिल हा शिकागोचा १४ वर्षांचा मुलगा सुट्टीसाठी मिसिसिपी राज्यात नातलगांकडे गेला होता. तेथील एका गोऱ्या दुकानदारणीशी त्याने अदबीने वर्तन केले नाही, असा बोभाटा झाला. २८ ऑगस्टच्या रात्री त्याला घरातून ओढून नेण्यात आले. हाल करून त्याला ठार मारले आणि प्रेत नदीत फेकून दिले. चेहरा ओळखू येत नव्हता. बोटातील अंगठीवरून ओळख पटली.

ते प्रेत मिसिसिपीतच पुरून टाकावे अशी तेथील अधिकाऱ्यांची धडपड होती. त्याची आई मेमी टिल हिने ते शिकागोला आणविले आणि शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असे तिचे म्हणणे होते. हजारो लोक रांगेने चर्चमध्ये आले आणि पेटीजवळून गेले. 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने त्या चेहऱ्याचे छायाचित्र छापले. गोऱ्यांच्या मोठ्या वृत्तपत्रांनी ते छापले नाही. म्हणून ते चित्र कृष्णवर्णीयांच्या घराघरांत, केशकर्तनालयांत, चर्चच्या ओसरीवर हातोहात फिरले.

खटल्याचा निकाल काय लागला? केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात, नेमके सांगावयाचे तर ६७ मिनिटांत, दोन्ही आरोपींना निर्दोष ठरविले. पुढे १९५६ च्या जानेवारीत त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला आपल्या कृत्याची कबुली दिली. एकदा सुटल्यावर पुन्हा खटला होऊ शकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तेव्हा त्या चित्राने न्यायालयात काहीही साधले नाही. परंतु ते पाहिलेली पिढी निराळी झाली. पुढच्या दहा वर्षांत उपाहारगृहांत ठाण मांडून बसणारे, मतदार म्हणून नाव नोंदविण्यासाठी मार खाणारे जे तरुण होते, त्यांपैकी अनेकांनी एमेट टिलच्या चित्राची आठवण सांगितली आहे. ते त्याच्याच वयाचे होते.

या प्रकरणाला अनुबोधपटाची जोडही मिळाली. कीथ बोशाम्प या तरुण कृष्णवर्णीय चित्रकाराने हयात साक्षीदार शोधून काढले, त्यांचे जबाब चित्रफितीवर घेतले आणि पन्नास वर्षे गप्प राहिलेल्यांना बोलते केले. २००४ साली अमेरिकेच्या न्यायखात्याने चौकशी पुन्हा उघडली, त्यात या परिश्रमाचा वाटा होता. नवीन आरोपपत्र दाखल झाले नाही. मात्र झुंडशाहीने केलेल्या हत्येला केंद्रीय गुन्हा ठरविणारा कायदा २९ मार्च २०२२ रोजी झाला, तो एमेट टिलच्या नावाने. असा कायदा व्हावा म्हणून शंभर वर्षांहून अधिक काळ विधेयके येत होती आणि पडत होती.

उघड्या दाराची साक्ष

दुसरे उदाहरण शिकागोचेच आहे. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे, सरकारी वकिलाच्या कचेरीला जोडलेले १४ पोलीस वेस्ट मन्रो स्ट्रीटवरील एका घरात घुसले आणि ब्लॅक पँथर पक्षाचा २१ वर्षांचा पुढारी फ्रेड हॅम्प्टन व त्याचा सहकारी मार्क क्लार्क यांना त्यांनी गोळ्या घालून ठार केले. आतून जोराचा गोळीबार झाला, म्हणून आम्हाला गोळ्या झाडाव्या लागल्या, असे सरकारी निवेदन निघाले. एका मोठ्या दैनिकाने दारावरील छिद्रांची छायाचित्रे छापून त्याला पुष्टी दिली.

पोलिसांकडून एक चूक झाली. त्यांनी त्या घराला सील ठोकले नाही. पँथर कार्यकर्त्यांनी दार उघडे ठेवले आणि वस्तीतील लोकांना बोलाविले. थंडीत रांगा लागल्या. म्हाताऱ्या बाया, गिरणीकामगार, शाळेची मुले आत येत, भिंती पाहत, रक्ताने भिजलेली गादी पाहत आणि बाहेर पडत. एक चित्रपटसंघ आधीपासून हॅम्प्टनच्या कार्यावर अनुबोधपट घेत होता. त्याने तत्काळ जाऊन खोली अन् खोली टिपली. दैनिकाने छापलेली ती गोळ्यांची छिद्रे म्हणजे खिळ्यांची डोकी होती, हे उघड झाले. पुढे केंद्रीय ग्रँड ज्यूरीने असा निष्कर्ष काढला की पोलिसांनी ८२ ते ९९ गोळ्या झाडल्या होत्या; पँथरांकडून सुटलेली गोळी एकच होती. १९७१ साली 'द मर्डर ऑफ फ्रेड हॅम्प्टन' हा अनुबोधपट पूर्ण झाला. मारणाऱ्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. परंतु १९८२ साली शहर, परगणा व केंद्र सरकार यांना मिळून १८ लाख ५० हजार डॉलर भरपाई देणे भाग पडले.

या प्रसंगात मला चित्रपटाइतकेच महत्त्व त्या रांगेचे वाटते. सरकारी निवेदन छापील असते, त्यावर शिक्का असतो. त्याच्यापुढे एकट्या माणसाची साक्ष टिकत नाही. परंतु वस्तीतल्या हजारो लोकांनी एकाच भिंतीकडे आपल्या डोळ्यांनी पाहिले, म्हणजे त्या निवेदनाचा शिक्का पुसट होतो. सामुदायिक प्रदर्शनाचे सामर्थ्य येथे आहे. जे प्रत्येकाने पाहिले आहे आणि प्रत्येकाने पाहिले आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे, ते नाकारणे राज्यकर्त्यांना जड जाते.

कुलूपबंद इतिहास

आज आपण ज्या मालिकेपासून आरंभ करणार आहोत तिचे नाव 'आइज ऑन द प्राइझ'. तिचे निर्माते हेन्री हॅम्प्टन. फ्रेड हॅम्प्टनशी त्यांचे केवळ नामसादृश्य आहे, घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो. हेन्री हॅम्प्टन सेंट लुइसचे. लहानपणी पोलिओने त्यांचा एक पाय अधू झाला होता. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या सुमारे ६०० लोकांना पुलावर पोलिसांनी लाठ्यांनी झोडपले आणि त्यांच्यावर अश्रुधूर सोडला. त्या रात्री एका दूरचित्रवाणी कंपनीने नाझींच्या खटल्यावरील चित्रपट मध्येच थांबवून ती दृश्ये दाखविली आणि देश हादरला. नंतर जे लोक देशभरातून सेल्माला धावून गेले, त्यांत हॅम्प्टन होते. ही हकीकत कधीतरी चित्रपटात सांगावी, हा विचार त्यांच्या मनात तेथेच आला. त्याच वर्षीच्या ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला.

१९६८ साली हॅम्प्टन यांनी बॉस्टनमध्ये 'ब्लॅकसाइड' ही चित्रसंस्था काढली. मालिकेचा पहिला प्रयत्न फसला. पैसा जमविण्यात वर्षे गेली. त्यांची काम करण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. चित्रीकरणापूर्वी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांची शाळाच भरविली. इतिहासकार आणि चळवळीतील माणसे येऊन शिकवीत. प्रत्येक भागाच्या निर्मितीत एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा अशी जोडी असे आणि त्या दोघांत कडाक्याचे वाद होत. ते वाद त्यांनी टाळले नाहीत. मालिकेत किंग यांच्यासारखे पुढारी दिसतात. पण बोलतात ती बहुतेक साधी माणसे, बसमध्ये न बसता वर्षभर पायी कामावर गेलेल्या स्त्रिया, शाळेच्या दारात थुंकी झेललेली मुले. विरोध करणाऱ्या गोऱ्यांनाही बोलू दिले आहे. पहिले सहा भाग १९८७ साली आणि पुढचे आठ भाग १९९० साली प्रसारित झाले. शाळा-महाविद्यालयांतून ती मालिका पाठ्यपुस्तकासारखी वापरली जाऊ लागली.

आणि मग ती नाहीशी झाली! यातील जुनी दृश्ये, छायाचित्रे व गाणी अनेकांच्या मालकीची होती. हातात पैसा थोडा असल्यामुळे हॅम्प्टन यांना ती ठरावीक वर्षांपुरतीच वापरण्याचे हक्क घेता आले होते. १९९० च्या दशकात एकेक करून मुदती संपल्या. नव्याने हक्क घ्यावयाचे तर लाखो डॉलर लागणार होते. मालिका दूरचित्रवाणीवर दाखविता येईना, तिच्या नव्या प्रती विकता येईनात. १९९८ साली हॅम्प्टन वारले. ग्रंथालयांतील जुन्या फिती झिजत चालल्या. ज्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याच अंगावर पडलेल्या लाठ्यांचे चित्र त्यांच्या नातवंडांना पाहता येईना, कारण ते चित्र दुसऱ्याच्या मालकीचे होते.

तेव्हा २००५ साली काही तरुण कार्यकर्त्यांनी हाक दिली की ८ फेब्रुवारीच्या रात्री, ज्याच्यापाशी जुनी फीत असेल त्याने ती लोकांना जमवून दाखवावी. फेब्रुवारी हा तेथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. घरांत, चर्चमध्ये, शाळांत लोक जमले. मिसिसिपीच्या लढ्यात तुरुंगात मार खाल्लेले लॉरेन्स गीयट यांनी या हाकेला उघड पाठिंबा दिला. वकिलांची पत्रे आली, वृत्तपत्रांत चर्चा झाली, आणि हा प्रश्न चव्हाट्यावर आला. त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनने ६ लाख डॉलर आणि एका धनिकाने अडीच लाख डॉलर दिले. हक्क पुन्हा घेण्यात आले आणि २००६ साली मालिका दूरचित्रवाणीवर परत आली.

बंधुभगिनींनो, या हकीकतीत आपल्यासाठी एक इशारा आहे. चळवळ करणे हे एक काम. चळवळीची स्मृती आपल्या ताब्यात ठेवणे हे दुसरे. दुसऱ्या कामाकडे दुर्लक्ष झाले, तर पहिल्या कामाची कमाई एका पिढीत नाहीशी होते. सेल्माच्या रक्तातून झालेल्या मताधिकार कायद्यातील एक महत्त्वाचे संरक्षण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकामी केले. २०२१ पासून तेथील अनेक राज्यांनी शाळांत वंशभेदाचा विषय कसा शिकवावा यावर बंधने घालणारे कायदे केले. जेथे शाळेचे दार अर्धे लावून घेतले जाते, तेथे समाजाच्या सभागृहाचे दार उघडे असावे लागते.

पाहूनही न दिसणे

येथवर ऐकून कोणास वाटेल की चित्र समोर आले म्हणजे न्याय हळूहळू का होईना होतोच. त्या भ्रमाचे निराकरण केले पाहिजे. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर पाडून लाठ्यांनी बेदम मारले. समोरच्या सज्जातून एका रहिवाशाने ते चित्रित केले. साऱ्या जगाने ते पाहिले. खटल्यात पोलिसांच्या वकिलांनी तीच चित्रफीत संथ करून, चौकटीमागून चौकट थांबवून ज्यूरीला दाखविली आणि प्रत्येक चौकटीत खाली पडलेला मनुष्य कसा धोकादायक हालचाल करीत आहे ते समजावून दिले! ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. २९ एप्रिल १९९२ रोजी पोलीस जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले. शहर पेटले आणि साठाहून अधिक माणसे मेली. त्यानंतर केंद्र सरकारने नवा खटला भरला आणि १९९३ साली दोघा पोलिसांना शिक्षा झाली.

तीच फीत, तेच डोळे. फरक कोठे पडला? पूर्वग्रह डोळ्यांवर पट्टी बांधत नाही. तो डोळ्यांनी दिसलेल्याचा अर्थ लावतो. मार खाणाऱ्याचा वर आलेला हात कोणाला बचाव वाटतो, कोणाला हल्ला. म्हणून चित्र दाखविणाऱ्याचे काम पडदा पांढरा होताच संपत नाही, तेथे त्याचा आरंभ होतो.

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेले. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात मृत्यूचे कारण वैद्यकीय घटना असे सांगितले होते. १७ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने रस्त्यावर उभे राहून सर्व प्रकार आपल्या फोनवर टिपला नसता, तर तेच निवेदन कायम झाले असते. २०२१ साली त्या पोलिसाला खुनाबद्दल शिक्षा झाली. परंतु चित्रफितीने एकटीने हे केले नाही. कोट्यवधी लोक रस्त्यावर आले होते, आणि त्यांच्यामागे फ्रेड हॅम्प्टनच्या दारातील रांगेपासून चालत आलेले शिक्षण होते.

सभेत कसे पाहावे

या साऱ्यातून आपल्या प्रदर्शनमालेसाठी काही मर्यादा मी सुचवितो.

पहिली अशी की मृत्यूची दृश्ये चवीने पाहू नयेत आणि पुन्हा पुन्हा दाखवू नयेत. मारल्या जाणाऱ्या देहांचा पडद्यावर सतत मारा केल्याने माणसाचे मन बधिर होते आणि मेलेल्याची अप्रतिष्ठा होते, अशी तक्रार कृष्णवर्णीयांमध्येच आज केली जाते. ती योग्य आहे. मेमी टिलने शवपेटी स्वतः उघडली होती. तो तिचा अधिकार होता. जेथे असा अधिकार कोणी दिलेला नाही, तेथे आपण संयम पाळावा. मुलांना घेऊन येणाऱ्यांना आधी कल्पना द्यावी.

दुसरी गोष्ट. मार खाणारा म्हणूनच केवळ कृष्णवर्णीय माणूस आपल्या ओळखीचा होऊ नये. त्यांचे संगीत, त्यांची विद्यापीठे, त्यांचे शास्त्रज्ञ, त्यांचे घरगुती विनोद, त्यांचे आपसांतील मतभेद यांवरचेही चित्रपट मालिकेत असावेत. राऊल पेक यांचा 'आय अॅम नॉट युवर निग्रो' हा २०१६ चा चित्रपट जेम्स बाल्डविन यांच्या विचारांवर आधारलेला आहे. त्यात प्रश्न उलटा केलेला आहे. गोऱ्या समाजाला असे एक हीन पात्र निर्माण करण्याची गरज का पडली, हे तो विचारतो. असा प्रश्न दयेच्या पलीकडे नेतो.

तिसरी गोष्ट चर्चेची. चित्रपट दीड तासाचा असेल, तर चर्चेला तासभर ठेवावा. अध्यक्षाने भाषण करू नये, प्रश्न विचारावेत. यात कायदा कोठे होता? साक्षीदार कोण होते आणि ते का गप्प राहिले? वृत्तपत्राने काय छापले? स्त्रियांनी काय केले? मागच्या रांगेत बसलेल्यांना आधी बोलू द्यावे. प्रदर्शनाचा परवाना रीतसर काढावा. घरी पाहण्याचा हक्क आणि सभेत दाखविण्याचा हक्क कायद्याने वेगळे आहेत, आणि पुष्कळ वितरक अशा संस्थांना माफक शुल्कात परवानगी देतात.

आपला संबंध

या विषयाशी आपला संबंध उसना आणलेला नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. मघाशी सांगितलेला तो विषारी चित्रपट त्याच काळात त्या शहरात गर्दी खेचीत होता. पुढे १९४६ साली अमेरिकेतील नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचून बाबासाहेबांनी थोर कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांचे गाऱ्हाणेही त्याच दाराशी नेण्याचा विचार त्यांच्या मनात होता. डू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. या पत्रव्यवहारात अश्रूंची देवघेव नाही. एका पीडित समाजाने दुसऱ्याकडे अर्जाचा मसुदा मागितला आहे. कामाचे कागद मागणे ही खऱ्या बंधुत्वाची खूण होय. १९७२ साली मुंबईत तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले, तेही त्याच ओढीने.

परंतु हा संबंध सांगताना स्वतःकडे पाहणे टाळता येत नाही. २०१३ साली गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी रस्ता अडविला, तेव्हा तेथील एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली; नंतर त्यांना माफी मागावी लागली. २०१७ च्या मार्चमध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना बाजारपेठेत मारहाण केली. त्या वेळी मोबाईल हातात धरून चित्रण करणारे पुष्कळ होते, आडवे पडणारे थोडे. आपल्या घरांत मुलगी पाहताना रंग विचारला जातोच ना? घर भाड्याने देताना आफ्रिकी विद्यार्थ्याला नकार देणाऱ्यांत आपल्यापैकी कोणी नसेल, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय? जातीच्या उतरंडीखाली चिरडलेला मनुष्य रंगाच्या उतरंडीत वरच्या पायरीवर उभा राहू पाहील, तर त्याने उतरंड मोडली नाही, फक्त जागा बदलली.

म्हणून माझी एक विनंती आहे. या शहरात शिकणारे आफ्रिकी विद्यार्थी असतील, तर त्यांना या प्रदर्शनास निमंत्रण द्यावे. पाहुणे म्हणून हार घालण्यासाठी नव्हे, तर चर्चेत शेजारी बसून आपले चुकते कोठे ते सांगण्यासाठी. दुसरी विनंती अशी की आपल्या समाजातील ज्या वृद्धांनी महाड, येवला, नागपूर यांच्या आठवणी आईबापांकडून ऐकल्या, ज्यांनी नामांतराचा लढा स्वतः लढला, त्यांची जबानी त्यांच्या हयातीतच चित्रित करून ठेवावी, आणि तिचे हक्क समाजाच्या संस्थेकडेच राहतील असे कागद करून ठेवावेत. हेन्री हॅम्प्टन यांच्या मालिकेवर जी पाळी आली, ती आपल्या स्मृतीवर येऊ देऊ नये. उद्यापासून या कामासाठी नावे नोंदविण्याची वही दाराशी ठेवली जाईल. ती कोरी परत जाऊ नये.

भगवान बुद्धांनी सम्यक् दृष्टीला आर्य मार्गात पहिले स्थान दिले. दृष्टी नीट झाल्याशिवाय संकल्प, वाणी आणि कर्म नीट होत नाहीत. आपण आता जे पाहणार आहोत ते त्या क्रमाने पाहावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय भीम!